मंडळाचे मार्क

मी बी.ए. झाले ती आमच्या वसतिगृहाच्या ताईंमुळे. घरात मला शिकवणारं कोणी नव्हतं, शिकू नको म्हणणारंही कोणी नव्हतं. पण त्या एका वर्षी ताई नसत्या, तर मी माझ्या गावी, दिघाशीला, परत जाऊन भात कापत बसले असते, आणि कापताना आपण कुठे चुकलो हेही मला सांगता आलं नसतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. छापलेल्या कागदावर स्वतःचं नाव पाहिलं तर त्या चष्मा पुसत म्हणतील, "एवढं कशाला गं?" आणि पुढचं वाचणारच नाहीत.

ताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. मूळच्या भिवंडीच्याच. वडील नगरपालिकेत कामाला होते. त्यांच्या आळीतून नोकरीला लागलेली पहिली मुलगी म्हणजे ताई. लग्न केलं नव्हतं. आमच्या वसतिगृहात एक खोली त्यांना राहायला होती आणि तिच्या बदल्यात त्या आमच्यावर लक्ष ठेवत. सकाळी बुद्धवंदना म्हणून झाली की वेणी घालता घालताच त्या आम्हाला उठवायच्या आणि ड्युटीला निघायच्या. हेडफोन लावून दिवसभर "भिवंडी... बोला भिवंडी" म्हणायची सवय झाल्यामुळे घरीही त्यांचा आवाज तसाच यायचा, स्वच्छ आणि सरळ. दुसऱ्या खोलीत कोणी त्यांच्याबद्दल कुजबुजलं, तर तेही त्यांना बरोबर ऐकू जायचं.

वसतिगृह म्हणजे सुताच्या गोडाऊनवरचा मजला. एक हॉल, दोन खोल्या, मागे मोरी. खाली सुताचे गठ्ठे आणि वर आम्ही अकरा मुली, म्हणून कॉलेजातली पोरं आम्हाला "गोडाऊनवाल्या" म्हणायची. आम्ही सगळ्या आजूबाजूच्या गावांतल्या. कोणाच्याच घरात त्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. तिथे राहायला आलं की आपोआप वसतिगृहातल्या मुलींच्या मंडळाचं सभासद व्हायचं, अशी पद्धत होती. मंडळाला अध्यक्ष होती, चिटणीस होती. दर रविवारी सकाळी बैठक. भोंडल्याला खिरापत कोण करणार, गॅदरिंगला कोणता नाच बसवायचा, कोणाच्या वाढदिवसाला शिरा आणि कोणाच्या वाढदिवसाला पोहे, यावर कडाक्याचे वाद व्हायचे. अभ्यास हा विषय मात्र बैठकीत कधी निघालाच नाही. तो ज्याचा त्याचा खासगी मामला. एखादी नापास झाली तर आम्ही तिच्याजवळ बसून रडायचो, तिला भजी खाऊ घालायचो आणि ती सामान बांधून गावी गेली की तिची खाट भिंतीला लावून ठेवायचो.

माझं तिसरं वर्ष सुरू झालं तेव्हा भिंतीला चार खाटा लागल्या होत्या. त्या नव्या मुलींनी भरल्या, पण वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टच्या अध्यक्षांच्या नजरेतून ती गोष्ट सुटली नव्हती. जुलैमधल्या एका रविवारी ते स्वतः आले. त्यांच्याबरोबर घरमालक चाचा होते. चाचांचा स्वभाव गोड, पण त्यांना खालचं गोडाऊन अपुरं पडत होतं.

"मुलींनो," अध्यक्ष म्हणाले, "आम्ही वर्गणी मागायला जातो तेव्हा लोक पहिल्यांदा निकाल विचारतात. मी काय सांगू? यंदा एकही मुलगी नापास झाली, तर पुढच्या वर्षी ही जागा आम्ही सोडणार."

चाचा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "बेटी लोग, पढ़ो, खूब पढ़ो. मैं दुआ करता हूँ. पर फेल हुईं तो मुझे सूत भी तो कहीं रखना है."

ते गेल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कारण उघड होतं. तिसऱ्या वर्षाला माझे इतिहास आणि अर्थशास्त्र असे दोन विषय होते आणि आदल्या वर्षीचा अर्थशास्त्राचा पेपर मी दुसऱ्या खेपेला कसाबसा काढला होता. मुळात तो विषय मी घेतला तोच एसटीत. अर्थशास्त्र घेतलं की बँकेत लागतात, असं शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी अंबाडीपासून भिवंडीपर्यंत मला पटवून दिलं होतं. ते स्वतः बँकेत होते का, हे मी विचारलं नाही.

"आता काय करायचं गं हिचं?" माझ्या शेजारच्या खाटेवरची अंबाडीची मैत्रीण म्हणाली. तिची जीभ फार तिखट. "हिला मार्चपर्यंत गावी लपवून ठेवू या का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मी नापास झाले तर मी एकटी घरी जाणार नव्हते, दहा जणींना घेऊन जाणार होते. त्यातल्या बऱ्याच जणींच्या गावाला संध्याकाळची एसटीसुद्धा नव्हती. वसतिगृह गेलं की त्यांचं कॉलेजही गेलं.

ताई तांदूळ निवडत सगळं ऐकत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "चिटणीस, लिहून घे. आजपासून मंडळालाही मार्क पडणार."

"मंडळाला? म्हणजे सगळ्यांची सरासरी का, ताई?"

"सरासरी न्हाय. आपल्यात जिला सगळ्यात कमी पडतील, ते मंडळाचे मार्क. चाचणीत ते पस्तिसाच्या वर गेले तर मी वज्रेश्वरीची सहल काढते. एकीला ऐंशी पडले आणि दुसरीला बावीस, तर मंडळ बावीस. ऐंशीवालीने घरी बसायचं."

आमच्यात एक हुशार मुलगी होती, तिला खरोखरच ऐंशी पडायचे. ती दुखावल्यासारखी म्हणाली, "ताई, हा अन्याय आहे."

"आहे," ताई म्हणाल्या. "मग तो दूर कर. हिला शिकव."

त्या दिवसापासून माझं अर्थशास्त्र सार्वजनिक झालं. मी भांडी घासत असले तरी पलीकडच्या नळावरून कोणीतरी ओरडायचं, "मक्तेदारी म्हणजे काय?" आंघोळीच्या रांगेत उभी राहिले की मागची मला मुद्रा पुरवठा विचारायची. जेवताना माझ्या ताटात दुसरी भाकरी यायची ती राष्ट्रीय उत्पन्नाची व्याख्या म्हटल्यावरच. ऐंशीवालीने तर चक्क तिच्या वह्या माझ्या उशीखाली ठेवल्या. आजवर त्या वह्यांना तिने कोणाला हातही लावू दिला नव्हता. मला या सगळ्याचा राग यायचा आणि आनंदही व्हायचा. माझ्या अभ्यासाची एवढी काळजी त्याआधी कोणी केली नव्हती, मीसुद्धा नाही.

पण चाचणीत मला सव्वीस पडले. मंडळाला सव्वीस. वज्रेश्वरी राहिली.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी माझा पेपर मागून घेतला, वाचला आणि विचारलं, "हे सगळं तू पाठ केलंस?"

"हो."

"मग मधलाच परिच्छेद कुठे गेला?"

"तो आठवला नाही. एक ओळ गेली की पुढच्या सगळ्या जातात."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे परगावचा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असतो. लोक एवढ्याशा वेळात मयत सांगतात, लग्न ठरवतात, भांडण करतात, मिटवतातही. का जमतं? कारण समोर ऐकणारं माणूस असतं. तुझ्यासमोर कोणीच नसतं. तू नुसती पुटपुटतेस."

आणि त्यांनी ट्रंक कॉलचा खेळ सुरू केला. रोज संध्याकाळी, जेवणाआधी, प्रत्येकीने एक कॉल करायचा. फोन म्हणजे पाटा-वरवंट्यातला वरवंटा, तो कानाला लावायला जड, म्हणून मग लाटणं. कॉल आपल्या आईला करायचा. आईला एक प्रश्न समजावून सांगायचा, तोही तीन मिनिटांत. आमच्या कोणाचीच आई शाळेत गेलेली नव्हती, त्यामुळे पुस्तकातला शब्द वापरला तर तो उलगडून सांगणं आलं. ताई घड्याळ धरून बसायच्या आणि वेळ संपली की ऑपरेटरच्या आवाजात विचारायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" आई व्हायचं काम आळीपाळीने असायचं. पण माझी आई व्हायला अंबाडीची मैत्रीण हक्काने पुढे यायची. माझी आई तिने एकदाच पाहिली होती, तरी ती हुबेहूब करायची.

"हॅलो, आये, मी बोलते."

"कोन? पैसं पायजेत का?"

"न्हाय गं. तुला मागणीची लवचिकता सांगायची हाय."

"ती कंच्या गावची?"

"आये, ऐक तरी. किंमत बदलली की मागणी किती बदलते, त्याला लवचिकता म्हणतात."

"बरं मग? जेवलीस का?"

सगळा हॉल हसायचा. मी वैतागून लाटणं आपटायचे आणि ताई म्हणायच्या, "कॉल वाया. पुन्हा बुकिंग करा."

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. मी अशीच लाटणं कानाला लावून उभी होते आणि मैत्रीण कमरेला पदर खोचून, मान वाकडी करून आई झाली होती. "अगो पोरी, तुजा बा इचारतोय, ती लवचिकता हुंडा किती मागते," असं ती म्हणत होती आणि एकदम सगळ्या गप्प झाल्या. मी वळून पाहिलं. दारात माझी खरी आई उभी होती. डोक्यावर पिशवी, पिशवीत वाल आणि रताळी. किती वेळ उभी होती कोण जाणे. गावातल्या कोणाच्या तरी ट्रकमधून आली होती.

मैत्रिणीने खोचलेला पदर झटकन सोडला. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आईने पिशवी खाली ठेवली, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "मी येवढी वाकडी मान करते व्हय गं?"

"न्हाय काकी, ते... जरासं नाटक..."

"चांगलं करतंस. आता मी आलेय तर मलाच सांगू दे तिला." आणि ती जमिनीवर मांडी घालून बसली. "बोल गं. कोन ती?"

ताईंनी घड्याळ उचललं. म्हणजे सुटका नव्हती. मी लाटणं खाली ठेवलं आणि सुरुवात केली. किंमत, मागणी, प्रमाण, बदल, शेकडा... मी अडखळले नाही, एकही ओळ गाळली नाही. तीन मिनिटांच्या आतच संपवलं. आई मान हलवत ऐकत होती. मला वाटलं, जमलं.

"समाजलं?" मी विचारलं.

"न्हाय," आई म्हणाली. मग अगदी मायेने तिने विचारलं, "तुला समाजलंय का?"

या वेळी कोणी हसलं नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला खरंच माहीत नाही. तीन वर्षं मी त्या विषयाशी नुसती झोंबत होते, त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं.

"वाढवायची का?" ताई हळूच म्हणाल्या.

"वाढवा," मी म्हटलं. आणि पुस्तक सोडून दिलं. "आये, असं समज, उद्या मीठ महाग झालं. तू घेशील का न्हाय?"

"घेनारच. मिठाबिगर कसं व्हईल?"

"आणि बांगड्या महाग झाल्या तर?"

"ऱ्हाऊ दे की. हातात हायती त्याच बऱ्या."

"मग मिठाची मागणी ताठ. वाकत न्हाय. बांगड्यांची वाकते. किमतीने जी मागणी वाकते ती लवचिक."

"येवढंच?" आई म्हणाली. "मंग मगाशी काय सांगत व्हतीस इतका येळ?"

ताई हसता हसता भिंतीला टेकल्या. त्या रात्री वालाची उसळ झाली. मैत्रीण आईच्या शेजारी बसून जेवली आणि आईने तिला मान नेमकी किती वाकडी करायची ते करून दाखवलं.

त्यानंतर माझं गाडं रुळावर आलं. इतकं रुळावर आलं की वेगळीच भानगड झाली. पूर्वपरीक्षेचे पेपर वर्गात परत मिळत होते. आमचे अर्थशास्त्राचे सर शिस्तीचे, कधी न हसणारे. त्यांनी एक पेपर बाजूला काढला आणि म्हणाले, "या विद्यार्थिनीने व्यापारी बँका पतपैसा कसा निर्माण करतात याचं उत्तर लिहिलंय. वाचून दाखवतो." आणि त्यांनी त्याच कोरड्या आवाजात वाचलं, "आये, असं समज, तू शंभर रुपये बँकेत ठेवलेस..."

वर्ग कोसळला. मागच्या बाकांवरून "आये! आये!" असा घोष सुरू झाला. मी बाकाखाली जायची तेवढी राहिले होते. लिहिताना मला ते कळलंच नव्हतं. मी खरोखर आईला सांगत होते.

सरांनी हात वर करून वर्ग शांत केला. "हसा. पण उत्तर बरोबर आहे. ज्यांनी माझ्या नोट्स जशाच्या तशा उतरवल्या, त्यांनी नोट्समधली माझी चूकसुद्धा उतरवली आहे. हिने ती केलेली नाही." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "विद्यापीठाच्या परीक्षकाला मात्र आये म्हणू नका. ते बहुधा पुरुष असतात."

पंचेचाळीस मार्क होते. त्या वेळी अकरा जणींत कोणालाही पस्तिसाच्या आत मिळाले नव्हते, म्हणून ताईंनी कबूल केल्याप्रमाणे आम्हाला वज्रेश्वरीला नेलं. कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसलेली ऐंशीवाली म्हणाली, "मी चार वेळा ऐंशी काढले, पण मला कोणी कुठे नेलं नाही." आणि तिने माझ्या अंगावर पाणी उडवलं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ताईंनी मला एवढंच सांगितलं, "सांग आईलाच. पण लिहून झालं की पेपर पहिल्यापासून वाच, आणि जिथे जिथे आई असेल तिथून तिला काढ." मी तसंच केलं. प्रत्येक पेपरची शेवटची मिनिटं मी माझ्या आईला शोधण्यात घालवली. एका ठिकाणी सापडली. तिथे मी "समजा" एवढंच ठेवलं.

तरीही परीक्षा संपल्यावर मला खात्री नव्हती. दुसऱ्या पेपरात एक मोठा प्रश्न लिहायचा राहून गेला होता आणि मागणी-पुरवठ्याच्या एका आकृतीत दोन्ही रेषा मी एकाच दिशेने नेल्या असाव्यात, असं रात्रंदिवस वाटायचं. मे महिन्यात ताईंची बदली नाशिकला झाली. आम्ही सगळ्या सामान बांधायला मदत करत होतो. सामान ते किती, एक ट्रंक आणि एक वळकटी. चाचांनी रिक्षा आणली. ताईंनी प्रत्येकीला एक एक वाक्य सांगितलं. मला म्हणाल्या, "निकाल कसाही लागो, कळव. लपवू नकोस." मी हो म्हटलं. त्यांना फोन करणं खरं तर सगळ्यात सोपं होतं, कारण त्या फोनवरच बसलेल्या असणार. पण दिघाशीत फोन नव्हता, आणि पोस्टातून लावला असता तरी त्यांचा आवाज ऐकून माझ्याच्याने धड बोलवलं नसतं.

निकालाच्या दिवशी मी एकटीच भिवंडीला गेले. परत येऊन पडवीत बसले आणि त्यांना पत्र लिहिलं. पहिल्या कागदावर चहा सांडला म्हणून दुसऱ्यावर उतरवून पाठवलं. तो चहाचा कागद माझ्याकडे राहिला, म्हणून आज तो जसाच्या तसा इथे देता येतो आहे.

"ताई,

आधी निकाल सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. मी पास झाले. दुसरा वर्ग मिळाला. अर्थशास्त्रातसुद्धा पास आहे. बोर्डावर नंबर दिसला तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या कोणाचा असेल. शिपाई म्हणाला, बाई, बाजूला व्हा, मागच्यांना बघू द्या, म्हणून बाजूला झाले आणि पुन्हा रांगेत उभी राहून पुन्हा बघितला.

आपण अकराही जणी पास झालो. यंदा सगळ्यात कमी मार्क माझे नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं. अंबाडीची माझी मैत्रीण इंग्रजीत जेमतेम सुटली. मंडळाचे मार्क तिच्यामुळे सदतीस. ती म्हणते, ताईंना सांग, मी तुझी आई होण्यात वेळ घालवला, नाहीतर मलाही दुसरा वर्ग मिळाला असता.

मी वसतिगृहात गेले होते. चाचा जिन्यापाशी होते. म्हणाले, सब के सब पास? मी हो म्हटलं. मग म्हणाले, तो अब मैं सूत कहाँ रखूँ? आणि स्वतःच हसले आणि मला बसवून बर्फी दिली. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले की जागा सोडायचा विचार आता नाही. उलट मागच्या मोरीला दार लावून देणार आहेत.

आई निकाल ऐकून तशीच उठली. तिने शेजारणीला जाऊन सांगितलं आणि मग दुसऱ्या शेजारणीला. बाबांनी जेवण आटोपलं. हात धुतल्यावर त्यांनी विचारलं, धाकटीला भिवंडीला कधी सोडायचं? मला वाटलं होतं, तिच्यासाठी मला भांडावं लागेल. मी भांडणाची सगळी तयारी केली होती, ती वाया गेली.

म्हणून एक विनंती. वसतिगृहाला नव्या बाई आल्या आहेत. त्यांची माझी ओळख नाही. तुम्ही त्यांना दोन ओळी लिहाल का? माझी बहीण हुशार आहे, पण ती एकटी झोपू शकत नाही आणि पहिल्या महिन्यात खूप रडेल. तिला खिडकीजवळची खाट नको. आणि तिला कोणी शहाणी म्हणून एकटं सोडू नये, एवढं लिहा.

तुम्ही मला काय दिलंत ते मला नीट लिहिता येत नाही. प्रयत्न केला, पण सगळी वाक्यं पुस्तकातली आली, म्हणून खोडून टाकली. तुम्ही इकडे या. आई म्हणते, भाताची लावणी आटपल्यावर या, तेव्हा ती मोकळी असते. अंबाडीला उतरून कोणालाही दिघाशी विचारा. मी नाक्यावर घ्यायला येईन.

तुमची,
दिघाशीची"